सेरामपूरची बी.डी.: पाळक होऊ इच्छिणाऱ्यांनी अर्ज भरण्याआधी

प्रोटेस्टंट मंडळीत (चर्चमध्ये) पाळक व्हायचे असेल, तर बंगालमधल्या सेरामपूरच्या सिनेटची, म्हणजे तिथल्या पदवी देणाऱ्या मंडळाची, बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, म्हणजेच बी.डी., ही आजही सर्वांत भरवशाची पदवी आहे. पवित्र शास्त्र मुळातून वाचायला ती शिकवते. मराठी मंडळीपुढे उभे राहून तेच सोपे करून सांगण्याची तयारी मात्र बहुतांशी विद्यार्थ्यावरच सोडून देते. चार वर्षे गुंतवण्याआधी या दोन्ही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

पदवी सेरामपूरची असली, तरी शिकायला हुगळीकाठी जावेच लागते असे नाही. विल्यम कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये तिथे कॉलेज काढले. तेव्हा ते गाव डेन्मार्ककडे होते. १८२७ मध्ये राजा फ्रेडरिक सहावा याने पदव्या देण्याची सनद दिली आणि १९१८ च्या बंगालच्या कायद्याने सध्याची सिनेट उभी राहिली. (कॅरींचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये याच सेरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडले.) अभ्यासक्रम आणि पदवी सिनेटची, शिकवणी संलग्न सेमिनऱ्यांची, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयांची. पुण्यात युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे, शिवाय यवतमाळहून १९८३ मध्ये बिबवेवाडीला आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. बाहेर जायची तयारी असेल तर जबलपूरचे लिओनार्ड आणि बेंगळुरूचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज.

पदवीधराला बी.डी.ला चार वर्षे लागतात. अर्जाचे सर्वांत नाजूक अंग म्हणजे शिफारस. आपल्या पाळकाचे पत्र, बाप्तिस्म्याचा दाखला, वैद्यकीय तपासणी हे सगळे जमवता येते. खरा प्रश्न असतो बिशप किंवा मंडळी आपल्याला पाठवते आहे की आपण स्वतःच्या हिमतीवर जातो आहोत. मंडळीने पाठवलेल्याला सहसा शुल्कात मदत मिळते आणि परतल्यावर नेमणुकीची वाट मोकळी असते. स्वतंत्र उमेदवार तितक्याच गुणांनी उत्तीर्ण होतो, पण पाळकपदाच्या दीक्षेसाठी त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागते. पदवी सिनेट देते, दीक्षा मंडळी देते. म्हणून धर्मप्रांताच्या (बिशपच्या अखत्यारीतल्या) कार्यालयाशी बोलणे आधी, सेमिनरीचा फॉर्म नंतर.

अभ्यासात सर्वांत जास्त गाळण होते नव्या कराराच्या मूळ भाषेवर, म्हणजे ग्रीकवर. चोवीस अक्षरे आठवड्यात येतात. नामांच्या विभक्तीही मराठी मुलाला जड जात नाहीत: लोगोस, लोगू, लोगो, लोगोन. शाळेत संस्कृत घेतलेल्याला तर हे ‘देव’ चालवण्याइतके ओळखीचे वाटते. घसरण सुरू होते क्रियापदांपाशी. ‘लूओ’चा भूतकाळ ‘एलूसा’ होतो. सुरुवातीला लागलेला तो ‘ए’ म्हणजे संस्कृतातल्या ‘अगच्छत्’मधल्या ‘अ’चाच भाऊबंद. हे कुणी दाखवून दिले तर अर्धे ओझे उतरते. न समजता घोकणारे धातुसाधितांच्या धड्यापर्यंत पोचतात आणि तिथे अडकतात. रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचन आणि पाच वचनांचे स्वतः केलेले भाषांतर, एवढे वर्षभर केले की भाषा हाती राहते. परीक्षेच्या आठवड्यात तिला हात घालून काही उपयोग नाही. जुन्या कराराच्या हिब्रूचे गणित वेगळे: बावीस अक्षरे, उजवीकडून डावीकडे लिपी, बहुतेक धातू तीन व्यंजनांचे. सुरुवात अवघड, पुढची वाट बरीच सरळ.

या पदवीचे खरे मोल कळते ते शास्त्रपाठाच्या विवरणात. मार्कच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय घ्या. आपल्या मराठी बायबलात त्याची वीस वचने छापलेली असतात. सायनायटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत मात्र हे शुभवर्तमान आठव्या वचनावरच थांबते, कबरेपासून भिऊन पळालेल्या स्त्रियांपाशी. विद्यार्थ्याने आधी पाठभेद तपासायचे, मग स्वतः शब्दशः भाषांतर करायचे, उताऱ्याची हद्द ठरवायची, शब्द त्या ग्रंथात आणखी कुठे आले ते पाहायचे आणि सगळ्यात शेवटी भाष्यग्रंथ उघडायचे. हा क्रम उलटा केला की निबंध दुसऱ्यांच्या मतांचा गठ्ठा होतो, आणि गुण इथेच जातात. हे शिकताना काहींची श्रद्धा हादरते. ज्या सेमिनरीत प्राध्यापक वर्गानंतरही भेटतात आणि सकाळच्या उपासनेला विद्यार्थ्यांबरोबर बसतात, तिथे ती सावरते. सेमिनरी निवडताना इमारतीपेक्षा हे पाहावे.

इतर धर्मांचा अभ्यास, मंडळीचा इतिहास आणि सामाजिक विश्लेषण हेही अभ्यासक्रमात आहेत. दलित ईश्वरविज्ञान, म्हणजे दलितांच्या अनुभवातून केलेला देवाविषयीचा विचार, इथे मनापासून शिकावे. अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बेंगळुरूला दिलेल्या व्याख्यानातून या विचाराला तोंड फुटले, आणि महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मंडळ्यांचा इतिहास त्याशिवाय नीट उलगडत नाही.

आता उणीव. बी.डी.चे वर्ग, ग्रंथ आणि निबंध प्रामुख्याने इंग्रजीत. चार वर्षांनी नवा पाळक नगर किंवा जालन्याच्या मंडळीत उभा राहतो आणि उपदेशात इंग्रजी वाक्ये मराठी शब्द पांघरून येतात. समोरच्या आजीबाईंना रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीते तोंडपाठ असतात, त्यांना हे लगेच कळते. यावर उपाय पहिल्या सत्रापासूनच हवा: दर आठवड्याला एक उपदेश मराठीत पूर्ण लिहून काढणे, रविवारच्या सेवेसाठी मराठी मंडळीच मागून घेणे आणि सुटीतले प्रत्यक्ष काम शहरात न करता खेड्यात करणे.

कॅथलिक उमेदवाराची वाट निराळी. तिथे चर्चच्या कायद्यानुसार किमान दोन वर्षे तत्त्वज्ञान आणि चार वर्षे ईश्वरविज्ञान होते. पुण्यातल्या नगर रस्त्यावरील ज्ञानदीप या संस्थेच्या ईश्वरविज्ञानाच्या पदव्या रोमच्या मान्यतेने मिळतात. तिथे गुरुदीक्षा फक्त पुरुषांना. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीत स्त्रियाही पाळक होतात, आणि मुलींनी बी.डी.चा विचार जरूर करावा.

पुढे शिकवायचे असेल तर ईश्वरविज्ञानातले दोन वर्षांचे एम.टीएच. आहे. बी.डी.च्या जोरावर दुसऱ्या विद्यापीठात एम.ए. किंवा सरकारी नोकरी डोळ्यांसमोर असेल, तर समकक्षतेचे पत्र त्या विद्यापीठाकडून किंवा कार्यालयाकडून प्रवेशाआधी लेखी मागून घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका. निकालापासून सेमिनरी सुरू होईपर्यंतचा वेळ ग्रीक अक्षरे गिरवण्यात आणि बायबलातली उत्पत्ती व मार्क ही पुस्तके सलग वाचून काढण्यात घालवा. प्रवेशाच्या मुलाखतीतही त्याचा उपयोग होतो.