सँड प्लांटवर एस७-१२००: एका पॅनेलवालीचा अभिप्राय

माझं पॅनेलचं वर्कशॉप कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आहे आणि गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक आजूबाजूच्या फाउंड्र्या. त्यांच्या सँड प्लांटच्या, म्हणजे साच्याची वाळू तयार करणाऱ्या विभागाच्या, पॅनेलमध्ये मी सीमेन्सचा एस७-१२०० हा पीएलसी (मशिनं प्रोग्रॅमप्रमाणे चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) वापरते, त्यातही सीपीयू, म्हणजे मुख्य युनिट, १२१४सी. कोटेशन हातात पडलं की मालकांचा ठरलेला प्रश्न येतो: "मॅडम, यापेक्षा स्वस्तात पीएलसी मिळतो की. हाच कशाला?" स्वस्तात मिळतो, हे खरंच आहे. डेल्टा कंपनीचा घेतला तर प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअरही फुकट मिळतं. तरी मी हाच सुचवते, आणि ते वेगासाठी नाही. मलरची, म्हणजे वाळू मळणाऱ्या यंत्राची, एक बॅच मिनिटांत मोजतात. हा सीपीयू बिटची एक सूचना ०.०८ मायक्रोसेकंदात उरकतो, एवढ्या वेगाचं तिथे काही कामच नाही. प्लांट रात्री दोनला थांबला तर तो पुन्हा किती लवकर चालू करता येतो, एवढंच मी बघते.

सँड प्लांटमध्ये वापरलेली वाळू पट्ट्यावरून येते, बकेट एलिव्हेटरने हॉपरमध्ये चढते, वजन होऊन मलरमध्ये पडते. तिथे बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळून ती पुन्हा मोल्डिंगला जाते. पुढचा पट्टा थांबला आणि मागचा चालू राहिला तर पाच मिनिटांत वाळूचा ढीग लागतो आणि माणसं फावडी घेऊन उपसत बसतात. त्यात ती धूळ: बारीक, काळी, ओल धरून ठेवणारी. सीपीयूचं संरक्षण फक्त आयपी२० आहे, म्हणजे धूळ-पाण्यापासून काहीच नाही, म्हणून जाळीचा पंखा लावलेलं पॅनेल मी इथे देतच नाही. बंद पॅनेल, नीट गॅस्केट, केबल खालून घट्ट ग्लँडमधून. आडवा बसवला तर हा सीपीयू ६० अंशांपर्यंत चालतो, उभा बसवला तर ५०. वर-खाली २५ मिलिमीटर जागा मोकळी सोडायची. जागा वाचवायला वायरींचा डक्ट अगदी त्याला चिकटवणारे वायरमन असतात, त्यांना मी ते परत काढायला लावते.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. त्याचे टर्मिनल ब्लॉक, म्हणजे वायरी कसायच्या पट्ट्या, निघतात. कव्हर उघडायचं, कनेक्टरच्या वरच्या खाचेत बारीक स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच तिरका करायचा, की वायरींसकट अख्खा ब्लॉक हातात येतो. सीपीयू उडाला तरी एकही वायर सोडावी लागत नाही. जुना काढा, नवा डिन रेलवर (पॅनेलमधल्या पत्र्याच्या पट्टीवर) बसवा, ब्लॉक दाबा. वायरींच्या टोकांच्या सगळ्या फेरूल एकेक करून सोडायच्या आणि रात्रीच्या अंधुक उजेडात नंबर वाचत पुन्हा कसायच्या, ही कटकटच उरत नाही. प्रोग्रॅम मेमरी कार्डावर ठेवला असेल तर लॅपटॉपही लागत नाही.

बॅटरी नाही, हेही चांगलंच. प्रोग्रॅम फ्लॅशमध्ये राहतो, घड्याळ कपॅसिटरवर चालतं. वीज नसताना ते साधारण २० दिवस टिकतं, ४० अंश तापमानात किमान १२. दिवाळीची सुट्टी त्यात आरामात बसते.

ॲनालॉगच्या, म्हणजे वजनासारखं कमी-जास्त होणारं माप घेण्याच्या, बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. १४ डिजिटल इनपुट आणि १० आउटपुट छोट्या प्लांटला पुरतात, पण सीपीयूवरचे दोन ॲनालॉग इनपुट फक्त ०-१० व्होल्टचे आणि १० बिटचे आहेत, पूर्ण मापाच्या साधारण हजार पायऱ्या. म्हणजे एक टनाचा हॉपर असेल तर पायरी साधारण एक किलोची पडते. वाळूला ते चालेल. बेंटोनाइट काही किलोच घालायचं असतं, तिथे एक किलो इकडे-तिकडे झालं की मोल्डची ताकद बिघडते. ५०० ओहमचा रेझिस्टर लावून सेन्सरचा ४-२० मिलिॲम्पचा सिग्नल इथेच घेण्याची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. वजनासाठी ती नको. एसएम १२३१ हे वेगळं ॲनालॉग मोड्यूल घ्या, किंवा लोडसेल (वजनाचे सेन्सर) थेट जोडायचे तर सिवारेक्स डब्ल्यूपी२३१ हे वजनाचं मोड्यूल घ्या. पट्ट्याच्या टेल पुलीवर (मागच्या टोकाच्या पुलीवर) प्रॉक्सिमिटी सेन्सर लावून वेग मोजणार असाल तर इनपुटचा फिल्टर आधी बदला. कंपनीतून तो ६.४ मिलिसेकंदांवर येतो, आणि त्याहून छोटे पल्स सीपीयूला दिसतच नाहीत.

नेटवर्कचं थोडं सविस्तर सांगते, कारण पीएलसीच्या नावावर फोडलेली खापरं बहुतेक वेळा नेटवर्कची असतात. १२१४सीला प्रोफिनेटचा, म्हणजे कारखान्यातल्या इथरनेट नेटवर्कचा, पोर्ट एकच आहे. एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन), ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा) आणि लॅपटॉप जोडायचा म्हटलं की नेटवर्कचा स्विच आलाच. एका फाउंड्रीत, पॅनेल माझं नव्हतं, कुणीतरी ऑफिसातला प्लास्टिकचा स्विच झिप टायने बांधून ठेवला होता. त्याचा अडॅप्टर सर्व्हिस सॉकेटला. मधूनच ड्राइव्ह गायब व्हायचा, प्लांट थांबायचा. मेन्टेनन्सचा ठाम निष्कर्ष: पीएलसी गेला. मी लॅपटॉप जोडून सीपीयूतला डायग्नोस्टिक बफर, म्हणजे त्याची बिघाडांची नोंदवही, उघडला. ड्राइव्ह गेल्याच्या आणि परत आल्याच्या नोंदी वेळेसकट लागोपाठ लिहिलेल्या होत्या, आणि प्रत्येक वेळ मलर सुरू झाल्याच्या वेळेशी जुळत होती. मलर हादरला की अडॅप्टर सॉकेटमध्ये सैल होत होता. डिन रेलवर बसणारा, पॅनेलच्याच २४ व्होल्टवर चालणारा स्कॅलन्स एक्सबी००५ लावला आणि तक्रार मिटली. पाच पोर्ट, सेटिंग काही नाही. पीएलसी चांगला घेऊन इथे पैसे वाचवणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं. वेगळा स्विच टाळायचा असेल तर १२१५सी घ्या. त्याला दोन पोर्ट आहेत, आत स्विच आहे, शिवाय दोन ॲनालॉग आउटपुटही मिळतात.

केबल हिरवी, प्रोफिनेटचीच घ्या, शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करा आणि मोटरच्या केबलच्या डक्टमधून ती कधीच नेऊ नका. ओलांडावी लागलीच तर काटकोनात. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे, ती मोल्डिंग लाइनपर्यंत जाताना कधी संपते ते कळतही नाही.

जुने ड्राइव्ह इथरनेटऐवजी आरएस-४८५ च्या वायरीवर मॉडबसच्या भाषेत बोलणारे असतील तरी अडत नाही. सीबी १२४१ नावाचा छोटा बोर्ड सीपीयूच्या तोंडावरच बसतो, रुंदी वाढत नाही. एका वेळी एकाच ड्राइव्हला विचारता येतं, तेव्हा लॅडरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये, पाळी नीट लावा आणि केबलच्या शेवटच्या टोकाला १२० ओहमचा रेझिस्टर विसरू नका.

सीपीयूचा वेब सर्व्हर चालू करून ठेवला की तोच डायग्नोस्टिक बफर ब्राउझरमध्ये दिसतो. टीआयए पोर्टल, म्हणजे सीमेन्सचं प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर, न शिकलेला इलेक्ट्रिशियनही मग मला फोनवर नेमकी ओळ वाचून दाखवतो. लाल एरर दिवा लुकलुकतोय, एवढंच सांगण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पण त्याला पासवर्ड घाला आणि ते नेटवर्क ऑफिसच्या वायफायला जोडू नका.

खटकतं ते टीआयए पोर्टल. लायसन्सचे पैसे पडतात, साध्या लॅपटॉपवर ते उघडेपर्यंत चहा होतो, आणि नव्या आवृत्तीत उघडून वर आणलेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत परत जात नाही. सीपीयूवर रन-स्टॉपचा बटण-स्विचही नाही, तो असायला हवा होता.

शेवटचं मालकांसाठी. पॅनेल ताब्यात घेताना प्रोजेक्टची फाइल, टीआयएची आवृत्ती आणि पासवर्ड लेखी मागून घ्या. पासवर्ड हरवला तर रिकामं मेमरी कार्ड घालून सीपीयू कोरा करता येतो, आतला प्रोग्रॅम मात्र वाचता येत नाही. पॅनेलवाला फोन उचलेनासा झाला म्हणून चांगला चालणारा प्रोग्रॅम पुसून पहिल्यापासून लिहून घ्यावा लागलेली फाउंड्री मी पाहिली आहे. मी या तिन्ही गोष्टी शेवटच्या बिलासोबतच देते, आणि एक प्रत पॅनेलच्या दाराच्या आत पाकिटात ठेवते.