रिफ्लो की नवी चिप?
एनव्हिडियाच्या ८४००एम, ८६००एम ग्राफिक्स चिपच्या जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर रेघोट्या आल्या, तर आधी बाहेरचा मॉनिटर जोडा. तिथेही दिसल्या, तर संशय चिपवरच.

रिफ्लो स्वस्त पडतो. त्यात हॉट एअरने चिप तापवून सोल्डर पुन्हा वितळवतात. पण या चिपमधला दोष सहसा खालच्या सोल्डर गोळ्यांत नसतो, तर आत, सिलिकॉन आणि सब्सट्रेट (त्याखालची आधारपट्टी) सांधणाऱ्या सूक्ष्म बंपमध्ये असतो. सतत तापून-गार होऊन ते तडकतात. रिफ्लोने तडा तात्पुरता बुजतो आणि पुन्हा उघडतो. त्यामुळे जुनीच चिप रिबॉल करणे, म्हणजे खालचे सोल्डर गोळे नवे बसवणे, हेही पैसे वाया घालवणे.

चिप बदलणे महाग, पण खरा इलाज तोच. सुधारित आवृत्तीचीच मागा, दुसऱ्या बोर्डावरून काढलेली नको. सोबत पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्टही (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) बदलून घ्या.