घरी घेतलेली विनामूल्य उपशामक सेवा: माणसे उत्तम, गादीचा पंप टाकाऊ

उपशामक सेवा म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचे दुखणे आणि त्रास कमी करणारी सेवा; ती केव्हा सुरू करावी, हे येथे पुन्हा सांगत बसत नाही. ज्यांच्या घरावर ती वेळ आली आहे त्यांना ते ठाऊक असते. डोंबिवलीत आमच्या घरी अण्णांसाठी, म्हणजे वडिलांसाठी, एका धर्मादाय संस्थेची ही सेवा काही महिने चालू होती. फुफ्फुसाचा कर्करोग मणक्यापर्यंत पोहोचला होता, केमोथेरपी थांबली होती आणि यापुढे रुग्णालयात जायचे नाही हे अण्णांनी स्वतःच ठरवले होते. आज लिहिण्याचे कारण मात्र संस्थेची हवेची गादी आहे. आमच्याकडची तीच गादी त्याच पंपासह दुसऱ्या एका घरी पोहोचल्याचे नुकतेच कळले आणि राहवले नाही.

या गादीतील नळ्या आळीपाळीने फुगतात व बसतात, त्यामुळे पाठीच्या एकाच भागावर सतत भार येत नाही. सिस्टरने पहिल्याच भेटीत तपासणी शिकवली होती: रुग्णाच्या कमरेखाली, गादीच्या तळाशी तळहात सरकवायचा, हात आणि शरीर यांच्यामध्ये किमान इंचभर हवा जाणवली पाहिजे. आमच्या हाताला थेट माकडहाड लागत असे. पंप रात्रभर घरघरत राही आणि पहाटेपर्यंत गादी सतरंजीसारखी सपाट होई. सायकलच्या ट्यूबचे सोल्युशन त्या प्लास्टिकवर टिकत नाही. पंक्चर काढणाऱ्याने तसे आधीच बजावले होते आणि ते खरे ठरले. कार्यालयात दूरध्वनी केला की ‘दुसरी गादी रिकामी झाली की लगेच पाठवतो’ असे उत्तर मिळे, आणि ती रिकामी कशी होणार हे विचारण्याची आमची हिंमत होत नसे. अखेर पंप आम्ही पदरचे पैसे घालून आणला आणि दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नेम चालूच ठेवला, कारण गादी चांगली असली तरी तो चुकत नाही. जुन्या पंपावर ‘कै. … यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट’ अशी पट्टी होती, आणि ती दाब कमीजास्त करण्याच्या बटणापेक्षा मोठी होती. यंत्र दिले की नाव लागते. वॉशर, नळी आणि दुरुस्तीवाल्याची मजुरी दिली तर कोणाचे नाव लागत नाही, म्हणून त्यासाठी कोणी देत नाही. संस्थेच्या खोलीत अशा पट्ट्या लावलेली बंद यंत्रे भिंतीला टेकून उभी आहेत.

पहिले काही आठवडे सेवेबद्दलही माझे मत फारसे बरे नव्हते. डॉक्टर, सिस्टर आणि समाजसेविका आठवड्यातून एकदा येत आणि स्वतः काम करण्याऐवजी आमच्याकडून करवून घेत. तोंड कसे पुसायचे, चादर ओढून सुरकुती कशी काढायची, दुखणे शून्य ते दहा या मापात कसे विचारायचे, हे सगळे माझ्या पत्नीला आणि भावाला गिरवावे लागे. फुकटात एवढेच मिळायचे, असे मी बोलूनही दाखवले होते. पुढे एका रात्री अण्णांच्या पाठीत असह्य कळ उठली. फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर जादा मात्रा लिहिलेली होती; सिस्टरने दूरध्वनीवर ती वाचून दाखवायला सांगितली, गोळी दिल्यानंतर पुन्हा स्वतःहून विचारपूस केली आणि अण्णा पहाटेपर्यंत झोपले. रुग्णवाहिका बोलवावी लागली नाही. त्या साप्ताहिक अर्ध्या तासाची किंमत त्या रात्री कळली, आणि माझे मत तेव्हापासून बदलले ते बदललेच.

गोळी अर्थातच मॉर्फिनची होती. ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे राज्याराज्यांत परवान्यांची जी गुंतागुंत झाली होती ती २०१४ च्या दुरुस्तीने बरीच सुटली, तरी औषध मान्यताप्राप्त संस्थेतूनच घ्यावे लागते. आमच्या संस्थेत रिकाम्या पट्ट्या आणि उरलेल्या गोळ्या मोजून परत द्याव्या लागत. दर चार तासांनी एक मात्रा, झोपताना दुप्पट म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नाही, आणि सोबत पोट साफ होण्याचे औषध न चुकता, कारण मॉर्फिनची गुंगी काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. ‘अण्णांना अफू चारता?’ असे काकांनी सर्वांसमोर विचारले, तेव्हा सिस्टर शांतपणे म्हणाल्या, ‘काका, दुखणं आहे तोवर ही गोळी दुखण्याच्या कामी येते, व्यसनाच्या नाही.’ त्यानंतर चार वाजताची मात्रा काकाच आठवणीने देऊ लागले.

काटकसरीच्या दृष्टीने सर्वांत सुखद धक्का पंख्याने दिला. दम लागतो म्हणून आम्ही ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने आणणार होतो. साडेतीनशे वॉटचे यंत्र चोवीस तास चालले तर दिवसाला आठाहून अधिक युनिटे जातात, आणि महिनाअखेरीस बिल वरच्या टप्प्यात जाते. डॉक्टरांनी ऑक्सिमीटर लावला. प्राणवायूचे प्रमाण चांगले असल्याने यंत्राचा उपयोग नाही, असे सांगून त्यांनी टेबलफॅन अण्णांच्या चेहऱ्यावर, नाक आणि गालांवर वारा लागेल असा ठेवायला लावला. चेहऱ्यावरच्या गार वाऱ्याने दम लागल्याची भावना कमी होते, आणि ती खरोखरच कमी झाली. जे यंत्र लागत नाही ते नको म्हणणारा डॉक्टर आम्हाला त्या वर्षात प्रथमच भेटला होता.

मर्यादाही आहेत. गाडी ठरावीक हद्दीपलीकडे येत नाही. टिटवाळ्याच्या माझ्या मावसभावाला नकार मिळाला. घरी सांभाळणे अशक्य असेल तर अशा रुग्णांना ठेवून घेणारे वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून आहे, पण ते घर नव्हे. संस्थेला देणगी द्यायची असेल तर धनादेशासोबतच्या पत्रात ‘देखभाल-दुरुस्तीसाठी’ असे स्पष्ट लिहावे. दोन हजारांहून अधिक रक्कम रोखीने दिल्यास देणगीवरची प्राप्तिकराची वजावट मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती तशीही मिळत नाही.

एक गोष्ट संस्थेने आपणहून सांगायला हवी होती, ती आम्हाला विचारून घ्यावी लागली. घरी मृत्यू झाल्यास मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र नमुना ४-अ मध्ये लागते, आणि ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच द्यायचे असते. रात्री दोन वाजता ते कोण देणार, डॉक्टर स्वतः येणार की आपल्या कौटुंबिक डॉक्टरांना आधी कागदपत्रे दाखवून ठेवायची, हे पहिल्या भेटीतच ठरवून घ्यावे. आधार कार्डाची प्रत आणि रुग्णालयाचे शेवटचे कागद एका पाकिटात तयार ठेवावेत. महापालिकेत नोंद २१ दिवसांच्या आत करावी, म्हणजे विलंब शुल्क पडत नाही.