कुळागरातील बंदूक, रानडुकरे आणि पणजीतील काडतुसांचे दुकान

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-केळींच्या बागेत, केळीचे कंद आणि सुरण तयार होऊ लागले की रानडुकरांचे रात्रीचे येणे सुरू होते. शेतरक्षणाच्या परवान्यावरची आजोबांची एकनळी १२ बोअर बंदूक घरात आहे आणि ‘मोठ्यात मोठा छर्रा आण’ असा घरच्यांचा आग्रह होता, म्हणून मी पणजीतील दुकानात जाऊन सरळ एलजी, म्हणजे जाड छर्ऱ्यांची काडतुसे मागितली.

काउंटरवरच्या गृहस्थांनी परवान्याबरोबर बंदूकही पाहायला मागितली, तेव्हा मला थोडा रागच आला. त्यांनी बंदूक मधून उघडून नळीच्या खालच्या बाजूचा ‘अडीच इंच’ असा पुसट शिक्का भिंगाखाली दाखवला. ही बंदूक ६५ मिलिमीटर लांबीच्या काडतुसाची आहे आणि मी बोट दाखवले होते त्या डब्यातली काडतुसे ७० ची होती. खरी फसगत अशी, की तोंड दुमडलेले असल्यामुळे ७० चे काडतूसही तिच्यात सहज बसते आणि बंदूक बंदही होते. मात्र बार उडताना दुमड उलगडायला जागा उरत नाही, दाब वाढतो आणि जुन्या नळीला ते झेपेलच असे नाही.

छर्ऱ्याबाबतही त्यांनी माझा आग्रह मोडून काढला. एलजीचे छर्रे एका औंसात साधारण सहाच बसतात, त्याहून थोडे लहान एसजीचे आठ. दोन्हींचा एखादा चुकार छर्रा पोफळींमधून निसटून खालच्या वाड्यातील घरांपर्यंत पोहोचू शकतो. एकगोळी काडतूस तर चोक असलेल्या, म्हणजे तोंडाशी निमुळत्या केलेल्या, जुन्या नळीतून तपासल्याशिवाय उडवूच नये, असे त्यांनी बजावले. शिवाय रानडुक्कर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येत असल्यामुळे परवानगीशिवाय ते मारता येत नाही. आमचे बहुतेक बार हाकलण्यासाठीच असतात आणि त्याला ६ नंबरचा बारीक छर्रा पुरतो. मी तोच घेतला.

तक्रार एकच. ६५ ची काडतुसे जेमतेम होती आणि त्यांतील दोन काडतुसांची पितळी बुडे कळकलेली निघाली. सांगताच ती बदलून मिळाली, पण गोव्याच्या दमट हवेत माल असा उघड्या फळीवर ठेवू नये, एवढे या दुकानदारांना कळायला हवे होते. उरलेल्यांसाठी पुढच्या महिन्यात पुन्हा जायचे आहे. तोवर निवडणूक जाहीर झाली, तर बंदूक जमा होऊन पोलीस ठाण्यात आणि डुकरे कुळागरात.