टपावरचा हीट पंप की डिझेल हीटर? आठ महिन्यांनंतर

जानेवारीत, मनालीला, पहाटे तीन वाजता बायकोने गोधडीतून नाक बाहेर काढून विचारलं, "अहो, हे गरम फेकतंय की गार?"

गार. कॅम्परच्या टपावर एसी बसवताना नुसत्या कूलिंगवाल्यापेक्षा हीट पंपवाल्याचे, म्हणजे उलटा चालून गरम हवाही देणाऱ्या एसीचे, बावीस हजार जास्त मोजले होते. बाहेर उणे झाल्यावर त्याचा पंखा झाला. सकाळी ठाण्यात डीलरला फोन केला, तर म्हणे, "साहेब, आपल्याकडे हीटिंग लागतं कुठे?" मग विकलंत कशाला? माहितीपुस्तकाच्या शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात सापडलं: बाहेर ५ अंशांच्या खाली हीटिंग मोड बंद. बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि आमच्या मॉडेलला तो वितळवायची सोयच नाही.

त्याच रागात घोडबंदर रोडवरच्या एका फिटरकडून २ किलोवॉटचा चिनी डिझेल हीटर बसवून घेतला. धूर आतच सोडणारा गॅसचा साधा हीटर घेतला नाही. बंद गाडीत उघडी ज्योत नको, शिवाय सकाळी काचा आतून ओल्याचिंब. डिझेलवाल्याचा धूर पाइपाने बाहेर जातो. तरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाच, तिथे काटकसर नाही.

मार्चमध्ये हिमाचलात नारकंडाला तो रात्रभर चालला. आठ तासांत दीड लिटरच्या आत डिझेल. सुरू होताना ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापती कांडी) काही मिनिटं दहाएक अँपिअर ओढतो, मग दीडच्या आसपास. २०० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीला कळतही नाही. उब अशी की मी स्वेटर काढला.

पण ती टकटक! डिझेल थेंबाथेंबाने पुढे ढकलणारा छोटा पंप असतो, तो फिटरने थेट चॅसिसला बोल्टने आवळला, तोही आडवा. नेमका माझ्या उशीखाली. टक. टक. टक. बायको घोरतेय आणि मी मोजतोय. फिटरला सांगितलं, तर "आवाज येतोय म्हणजे चालू आहे, काका." रबराच्या पकडीत, डिझेल बाहेर पडायचं तोंड वरच्या बाजूला ठेवून तिरका लावायचा असतो, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात, हे मला नंतर वाचून कळलं. काकांनी वाचावं, फिटरने नाही.

आता खरी गंमत. त्याआधी, फेब्रुवारीच्या शेवटी, महाबळेश्वरला याच टकटकीला वैतागून मी डिझेल हीटर बंद केला आणि नाइलाजाने हीट पंप लावला. बाहेर ११ अंश. पंधरा मिनिटांत आत २२! म्हणजे मनालीहून मी त्याला शिव्या घातल्या त्या अर्ध्या मागे घेतो. रिसॉर्टने दिलेला पॉइंट ६ अँपिअरचा, म्हणजे जेमतेम १,३८० वॉट. आमचा २,००० वॉटचा विजेचा हीटर-ब्लोअर लावला की एमसीबी पडलाच. हीट पंप १,१०० वॉट ओढतो आणि बाहेरची उष्णता आत ओढून त्याच्या दुप्पट-अडीचपट उब देतो. ब्लोअर जेवढे वॉट खातो तेवढेच परत देतो. पॉइंट नसेल तर मात्र हिशेब उलटा: तीच बॅटरी जेमतेम अडीच युनिटची, दोन तासांत संपली. जुलैत माळशेजला चिंब भिजलेली जीन्सही हीट पंपाखाली रात्रीत सुकली, हा वरचा फायदा.

त्यामुळे सह्याद्रीपुरते फिरणार असाल आणि मुक्कामाला वीज मिळणार असेल तर हीट पंपवर थांबा. हिमाचलच्या थंडीत जायचं असेल तर डिझेल हीटरच, आणि त्याचा डिझेलचा पंप कुठे बसवतोय ते फिटरच्या डोक्यावर उभं राहून बघा.

माझा पंप सरकवायला त्याने ८०० रुपये व्हिजिट मागितली. दिली नाही. कासारवडवलीच्या पंक्चरवाल्याने सायकलची फाटकी ट्यूब फुकट दिली, तिच्या दोन पट्ट्यांत पंप तिरका लटकवलाय. टकटक निम्मी झाली आहे. उरलेली निम्मी बायकोच्या बाजूला.