चहा टाकायला उठलो आणि ५,६७० रुपये गेले

नोकरीत तीस वर्षं व्हाउचरं तपासली. दुसऱ्याच्या बिलातला चार आण्यांचा फरक पकडणाऱ्या मला कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने माझ्याच घरात गंडवलं. व्हिजिटचे ३५०, 'लो-यूज हार्डवेअर प्रोटेक्शन'चे (म्हणे कमी वापरातल्या भागांचं संरक्षण) ४,०००, त्यावर जीएसटी ७२०, रॅमच्या स्लॉटना गंज लागू नये म्हणून स्प्रे ६००.

पीसीत फोटोंची दुसरी हार्ड डिस्क आहे. महिन्यातून एकदा उघडतो. तो म्हणाला, "काका, तुम्ही वापरत नाही, पण ती दिवसभर फिरतेय. झिजून एक दिवस बसेल." यात खोटं काही नव्हतं, तीच तर मेख. आईचे शेवटचे फोटो त्यात आहेत. तुम्ही काय केलं असतं?

मग त्याने कंट्रोल पॅनल उघडलं. पेनड्राइव्ह नाही, सॉफ्टवेअर नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये हार्ड डिस्कपुढचा २० मिनिटांचा आकडा (इतका वेळ हात लागला नाही की डिस्क थांबते) खोडून १ केला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. पाहिलं आणि चहा टाकायला उठलो! परत आलो तोवर डीव्हीडी ड्राइव्ह डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल. त्याच्या भाषेत 'विश्रांती मोड'. विंडोजमधल्या फुकट सेटिंगचे कोणी पैसे मागितले तर दार दाखवा.

दुसऱ्या दिवसापासून टक्, घरघर, पुन्हा टक्. अँटीव्हायरस थोड्याथोड्या वेळाने हात लावायचा, म्हणून आधी २० मिनिटं शांत जातच नव्हती, डिस्क फिरत राहायची. आता त्याने हात लावला की डिस्क जागी, मिनिटभरात परत झोप. एकसारखं फिरत राहण्यापेक्षा हे सारखं थांबणं-सुटणं डिस्कला जड जातं. चार महिन्यांनी डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकलं (फुकट आहे, आजच टाका), स्टार्ट-स्टॉप, म्हणजे डिस्क थांबून सुटल्याची मोजणी, ९,४१२! म्हणजे झीज वाचवायला पैसे देऊन मी ती वाढवून घेतली.

तेव्हा कुठे पावती नीट पाहिली. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रात २७ने सुरू होतो. यावर तेराच. पैसे देण्याआधी मोजा.

चौकीत गेलो तर "सर्व्हिस दिली ना त्याने? मग फसवणूक कसली?" फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पंचवीस मिनिटं ट्यून ऐकल्यावर उत्तर मिळालं, "पैसे देताना पिन तुम्हीच टाकलात." ग्राहक तक्रारीसाठी दुकानाचा पत्ता हवा, पावतीवर फक्त मोबाइल, तो बंद. तरी अर्ज घ्या म्हटलं, तर झेरॉक्स तीन प्रती. दिल्या. आठवड्याने मेसेज, 'तक्रार निकाली'. कोणी निकाली काढली, कशी काढली, विचारायला नंबर नाही. माझ्या हाताखालच्या कारकुनाने अशी फाइल बंद केली असती तर मेमो दिला असता!

डिस्क आता काढून यूएसबी केसमध्ये घातली, कपाटात ठेवली. महिन्यातून एकदा जोडतो. केसचे १,२५० वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.