छोटा पेट्रोल पॉवर टिलर: कुदळीला खरोखर पर्याय आहे का?

परसबागेसाठी मिळणारा छोटा पॉवर टिलर, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या पात्यांनी माती फोडणारे यंत्र, कुदळीला सुट्टी देण्याचे आश्वासन देतो. माझ्या मते हे आश्वासन नवी, पडीक जागा फोडण्यापुरते बऱ्याच अंशी खरे आहे. दरवर्षी भाजी घेतल्या जाणाऱ्या वाफ्यांत मात्र कुदळच सरस ठरते.

मी वापरलेल्या यंत्राची पाती इंजिनाच्या खाली असून मागे जमिनीत रुतणारा एक दांडा आहे. हा दांडा जितका खोल रुतवावा तितके यंत्र सावकाश पुढे सरकते आणि पाती खोल जातात. तो वर राहिला की यंत्र माती न फोडता नुसते पुढे पळते. कडक जमिनीवर ते उड्या मारते आणि त्याला आवरताना मनगटे व खांदे भरून येतात. वाकून खोदण्याचा त्रास वाचतो हे खरे, पण यंत्र आपोआप चालते अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

खरी अडचण खोलीची आहे. अशा यंत्राची पाती साधारण 15 ते 20 सेंटिमीटरच्या खाली जात नाहीत. वरची माती इतकी भुसभुशीत दिसते की काम उत्तम झाले असे वाटते, पण काठी खुपसली तर ती वीतभर जाऊन अडते. तिथली माती बाजूला केल्यास खाली गिलावा केल्यासारखा गुळगुळीत थर दिसतो. पाती वर्षानुवर्षे एकाच खोलीवर फिरल्याने, विशेषतः ओल्या चिकणमातीत, हा थर तयार होतो. त्यावर पाणी साचते आणि गाजर-मुळ्याची मुळे खाली न जाता वाकडी होतात. 1912 मध्ये ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड, म्हणजे अशा यंत्रांच्या जनकांपैकी एक, फिरत्या पात्यांच्या प्रयोगांकडे वळले ते नांगरटीत माती दाबली जाते म्हणून, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही. हाताने चर खणून त्याचा तळही मोकळा केला, तर माती 45 ते 60 सेंटिमीटरपर्यंत सैल होते. हे काम संथ आहे, पण दरवर्षी करावे लागत नाही.

तणांच्या बाबतीत तर यंत्र नुकसानच करते. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली दोऱ्यासारख्या देठांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. कुदळीने माती उचलून हलक्या हाताने ओढल्यास त्यांची बरीचशी माळ सलग निघते. पाती तिचे तुकडे करतात आणि सुट्या झालेल्या गाठी नव्याने फुटतात. हराळीचेही तेच होते.

वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य इतकीच ओल, नसताना यंत्र चालवू नये. मूठभर माती दाबून केलेला गोळा बोटाने टोचल्यावर फुटला, तरच सुरुवात करावी. वाफसा असला तरी त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा फिरू नये. माती पिठासारखी झाली की पहिल्या जोरदार पावसानंतर तिच्यावर कडक पापुद्रा धरतो आणि कोवळ्या रोपांना तो फोडता येत नाही.

मोठ्या वाफ्यात शेणखत मिसळायचे असेल, तर मात्र या यंत्राला तोड नाही. असे काम वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच निघत असल्याने विकत घेण्यापेक्षा ते भाड्याने आणणे मला शहाणपणाचे वाटते. पाती ज्यावर फिरतात त्या आसाला गवत हमखास गुंडाळले जाते. ते कापण्यापूर्वी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची वायर काढून ठेवावी.